एकोणीस दिवस शिल्लक

माझ्या सासऱ्यांनी पस्तीस वर्षं लोकांच्या घरचे विजेचे मीटर वाचले. जिन्याखाली, न्हाणीघराच्या दारावर, बांधलेल्या कुत्र्याच्या मागे, माणसं जिथे जिथे मीटर लपवतात तिथे तिथे बॅटरी मारून त्यांनी आकडे टिपले. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तरी अजून कुणाच्या घरी गेले की ते आधी मीटर शोधतात आणि मग खुर्ची. जगात दोनच अवस्था असतात असं त्यांचं ठाम मत आहे: चालू आणि बंद. बंद असेल तर आकडा फिरत नाही, आणि आकडा फिरला नाही तर खर्च नाही.

हे सगळं मला लग्नाच्या आधीपासून ठाऊक होतं. तरी त्यांच्या फोनकडे माझं लक्ष गेलं नाही, ही चूक माझीच.

झालं असं, की मुटकुळी आठ महिन्यांची झाली आणि माझी रजा संपली. मुटकुळी म्हणजे आमची लेक. अंगाचं मुटकुळं करून, बूड वर काढून झोपते म्हणून हे नाव. कागदावरचं नाव तिला हाक मारायला अजून कुणी वापरलेलं नाही. मी चष्म्याच्या दुकानात भिंगं घासून फ्रेममध्ये बसवते. दुकानाच्या बाईंनी निरोप दिला, "हा आठवडा रोज दोन-दोन तास येऊन बघ. पुढच्या सोमवारपासून पूर्ण दिवस. जमणार नसेल तर आत्ताच सांग, मी दुसरी मुलगी बघते." बाई वाईट नाहीत. पण लोकांना चष्मा आज हवा असतो, माझं बाळ मोठं झाल्यावर नाही.

सासूबाई नणंदेच्या बाळंतपणाला गेलेल्या, त्या दोन महिने परतणार नव्हत्या. नवरा लिफ्ट दुरुस्त करतो. अर्धा दिवस तो अशा भोकात लोंबकळत असतो जिथे देवाचासुद्धा फोन लागणार नाही. राहिले बाबा.

"बाबा, तुम्हाला जमेल ना?"

"हिच्या बापाला कुणी सांभाळलं?"

"आईंनी."

"मी बाहेरून देखरेख केली," असं म्हणून त्यांनी मुटकुळीला खांद्यावर घेतलं. तिने त्यांच्या कानाचा चावा घेतला. करार झाला.

माझी एकच अट होती. मी फोन केला की उचलायचा. तिने खाल्लं का, झोपली का, एवढं कळलं की माझे हात भिंगावर स्थिर राहतील. बाबांनी खिशातून फोन काढला, पुसला आणि परत ठेवला. "तयार आहे," म्हणाले.

सोमवारी दुकानात पोचून अर्ध्या तासाने फोन लावला. बंद. पाच मिनिटांनी लावला. बंद. तिसऱ्यांदा फोनमधली ती गोड आवाजाची बाई तेच सांगायला लागली, तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे घर यायला लागलं: गॅस, जिना, बादली, खिडकी. हातातलं भिंग निसटलं आणि कडेला टवका उडाला. बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. मी म्हटलं, "बाई, मी येते," आणि ज्या पायांनी गेले त्याच पायांनी पळत घरी आले.

मुटकुळी बूड वर करून गाढ झोपलेली. बाबा शेजारी बसून वर्तमानपत्राने तिच्यावरच्या माश्या वारत होते. खोलीत एकही माशी नव्हती.

"एवढ्यात आलीस?"

"फोन कुठेय तुमचा?"

"खिशात."

"बंद का आहे?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी दिवसा दिवे का विझवलेत असं विचारलं होतं. "ती झोपलीय. मला काही काम नाही. चालू कशाला ठेवायचा?"

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. नवऱ्याने त्यांना अठ्ठावीस दिवसांचा प्लॅन भरून दिला होता. बाबांनी तो अठ्ठावीस दिवसांच्या वापराचा आहे असं गृहीत धरलं. लागेल तेव्हा फोन चालू करायचा, काम झालं की मेन स्विच बंद केल्यासारखा बंद करायचा. त्यांनी कपाटातून एक लांबट वही काढली. त्यांच्या सुबक अक्षरात एकेक तारीख होती, समोर "चालू" किंवा "बंद".

"एकसष्ट दिवस झाले," ते अभिमान दाबत म्हणाले. "वापरले फक्त नऊ. एकोणीस शिल्लक आहेत. तुझा नवरा स्वतःचा दर महिन्याला भरतो. मी कुणाला बोललो नाही, म्हटलं वर्ष काढून दाखवू."

मी त्यांचा फोन चालू केला आणि माझ्या फोनवरून लावला. गोड आवाजाच्या बाईने या वेळी वेगळं सांगितलं: या क्रमांकावर येणारे कॉल थांबवण्यात आले आहेत. बाबांच्या फोनचा प्लॅन महिन्यापूर्वीच संपला होता. सासूबाई रोज मुलाच्याच फोनवर बोलत, त्यामुळे कुणाला पत्ताच लागला नाही. महिनाभर माझे सासरे खिशात साबणाची वडी घेऊन हिंडत होते म्हटलं तरी चाललं असतं.

त्यांनी हळूच वही मिटली. पस्तीस वर्षांत ज्या माणसाचं एक रीडिंग चुकलं नव्हतं, त्याचा चेहरा मला बघवेना. पण चिडायचीही सोय नव्हती आणि न चिडायचीही. सोमवार सात दिवसांवर होता.

संध्याकाळी मुटकुळीला कडेवर घेऊन आम्ही तिघं कोपऱ्यावरच्या रिचार्जच्या टपरीवर गेलो. टपरीवाली ताई बाबांना जुनी ओळखते. त्यांनी एकदा तिच्या बल्बची तार शेजारच्या खांबावरून ओढलेली पकडली होती.

"माझे एकोणीस दिवस आहेत," बाबा म्हणाले. "ते नव्या प्लॅनमध्ये जमा करून द्या."

ताईने आधी त्यांच्याकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. "काका, दिवस साठवता येत असते तर मी माझं पंचविसावं वर्ष नसतं का ठेवलं बाजूला?"

"पण मी वापरलेच नाहीत."

"काका, हे मीटर नाही. हे खोलीचं भाडं आहे. तुम्ही खोलीत राहा, नाहीतर कुलूप लावून गावाला जा, महिना भरला की भाडं सरलं. आणि फार दिवस भाडं दिलं नाही तर मालक खोली दुसऱ्याला देतो. तुमचा नंबर आणखी थोड्या दिवसांनी कुणा तिसऱ्याच्या खिशात वाजला असता."

बाबांनी डोळे बारीक केले. आत कुठेतरी चाक एक दात सरकल्यासारखं वाटलं. "हे आधी कुणी सांगितलं नाही."

"तुम्ही विचारलं नाही. विचारणारा माणूस फोन बंद ठेवत नाही."

तिने रंगीत तक्ता पुढे सरकवला. रोज तीन जीबी, वर सिनेमे, वर गाणी, वर आणखी काहीतरी. नवऱ्याने आधीच सांगून ठेवलं होतं, की बाबांना मोठाच प्लॅन घे, कटकट नको. बाबांनी तक्ता दुमडून परत दिला.

"रीडिंग घेतल्याशिवाय लोड मंजूर होत नाही. सात दिवसांचा सर्वांत लहान द्या. आठवडाभर बघतो काय लागतं, मग ठरवतो."

ताई म्हणाली, "असं गिऱ्हाईक आलं तर माझी टपरी बसेल." पण ती हसत होती.

मंगळवारपासून आमच्या घरी सकाळी सातला मीटर वाचणं सुरू झालं. ताईने फोनमध्ये रोजचा वापर कुठे दिसतो ते दाखवलं होतं. बाबा चष्मा चढवून प्रत्येकाचा फोन मागायचे आणि वहीत आकडा घ्यायचे. पण भाड्याची शिकवण त्यांच्या डोक्यात थेट दुसऱ्या टोकाला जाऊन बसली होती. भाडं भरलंय तर सगळ्या खोल्या वापरायच्या. मंगळवारच्या दोन तासांत मला सात व्हिडिओ कॉल आले. पहिल्यात मुटकुळी झोपली होती. दुसऱ्यातही झोपली होती, पण उजव्या कुशीवर. तिसऱ्यात आमच्या घराचं छत होतं आणि लांबून बाबांचा आवाज, "दिसतंय का?" बुधवारी चौदा आले. एका गिऱ्हाइकाच्या नाकावर मी फ्रेम बसवत होते आणि माझ्या खिशातून बाबा मोठ्याने सांगत होते की शी झालीय, रंग ठीक आहे.

बाई म्हणाल्या, "आधी सासरे सापडत नव्हते, आता जात नाहीत. सोमवारपर्यंत मला एकच काय ते कळू दे."

बुधवारी संध्याकाळी मी बाबांसमोर बसले. "बाबा, असं चाललं तर बाई मला काढतील."

त्यांनी वही बाजूला ठेवली. "तू दिवसभर घाबरू नयेस म्हणून करत होतो."

"मला फक्त झोपली का जागी, एवढंच कळलं तरी पुरे."

"मग बोलायचं कशाला? रिंग द्यायची. एक वाजून बंद, म्हणजे झोपली. दोन म्हणजे उठली, खाल्लं. उचलायचं नाही. काही झालं तर तू उचलेपर्यंत वाजवीन. फोन दिवसभर चालू, हा माझा शब्द."

गुरुवारी दोन तासांत एक रिंग आली. मी सहा भिंगं बसवली, एकालाही टवका नाही. शुक्रवारीही तसंच.

शनिवारी वहीचा निकाल लागला. बाबांनी आम्हाला दोघांना समोर बसवलं.

"माझा वापर," त्यांनी वाचलं, "व्हिडिओचे दोन दिवस सोडले तर जवळपास शून्य. मला बोलणं हवं, मुदत लांब हवी, डेटा नावापुरता." मग त्यांनी मुलाकडे पाहिलं. "तुझा रोज दोन जीबी. तू म्हणतोस, ऑफिसचं काम."

"कामाचंच असतं बाबा. लिफ्टचे नकाशे वगैरे."

"फोन सांगतो व्हिडिओ. मी बघितलं कोणते. कुणीतरी अनोळखी माणूस मळके गालिचे धुतो आणि तू बघतोस. एक गालिचा चाळीस मिनिटं."

नवऱ्याचे कान लाल झाले. "मन शांत होतं."

"घरात एक गालिचा आहे. धू. मन शांत होईल, गालिचाही स्वच्छ होईल."

मी हसत होते, तोवर वहीचं पान उलटलं. "सूनबाई. तुझाही रोज संपतो. दुपारी आणि संध्याकाळी, मुटकुळी झोपताना."

तिला झोपवताना मी फोनवर पंख्याचा घरघराट लावते. तासन्‌तास चालणारा व्हिडिओ, पडद्यावर नुसता एक पंखा. तो आवाज ऐकला की ती दोन मिनिटांत बूड वर काढते.

बाबांनी छताकडे बोट दाखवलं. तिथे आमचा पंखा घरघरत होता, आमच्या लग्नाआधीपासूनचा.

"त्याचा आवाज तिला आवडत नाही," मी म्हणाले. माझं मलाच पटलं नाही. शेवटी ठरलं, की दुकानातल्या वायफायवर तो आवाज एकदा उतरवून घ्यायचा, म्हणजे रोज डेटा जळणार नाही. नवऱ्याचा प्लॅन एक पायरी खाली आला, माझा दोन. बाबांनी चौऱ्याऐंशी दिवसांचा, बोलण्याचा साधा प्लॅन घेतला आणि तो संपायच्या दोन दिवस आधीची तारीख कॅलेंडरवर निळ्या पेन्सिलीने गोल केली. ताईने विचारलं, "सिनेमे नकोत?" ते म्हणाले, "घरी एक आहे. दिवसभर चालू असतो."

सोमवारी मी पूर्ण दिवसासाठी गेले. दहाला दोन रिंग: उठली, खाल्लं. साडेअकराला एक: झोपली. हात स्थिर होते. बाईंनी मला एका म्हाताऱ्या मास्तरांचं अवघड भिंग दिलं, म्हणजे मी टिकले असं समजायचं.

पावणेदोनला फोन वाजला. एक, दोन, तीन, आणि बंद.

तीनचं आमचं काही ठरलंच नव्हतं. काही झालं असतं तर ते वाजवत राहिले असते, हे डोक्याला कळत होतं. तरी भिंग खाली ठेवलं, बाईंकडे पाहिलं. त्यांनी हाताने मागच्या खोलीकडे खूण केली. मी फोन लावला. पहिल्याच रिंगला उचलला गेला.

"बाबा, काय झालं?"

"काही नाही. तू घाबरलीस का? मला सुचेना किती वाजवाव्यात." त्यांचा श्वास लागला होता, जिने चढून आल्यासारखा. "तुझ्या लेकीने खुर्चीचा पाय धरला आणि उभी राहिली. स्वतःहून. मी मोजले. अकरा सेकंद."

मी तिथे नव्हते, एवढंच आधी मनात आलं.

"वहीत लिहिलंय," ते म्हणाले. "तारीख आणि वेळ. तू आलीस की परत रीडिंग घेऊ. आता ठेव, तुझं काम आहे."

मी ठेवला नाही. "बाबा," म्हटलं, "बोलण्याला मर्यादा नाही ना आपल्या प्लॅनमध्ये?"

"नाही."

"मग सुरुवातीपासून सांगा. आधी कुठला हात वर केला?"