लीलाबाईंचे मत

"काकी, तुमचं मत तर सकाळीच झालंय," मतदान कर्मचारी अनिशने यादीवर बोट ठेवून सांगितले.

"मी आत्ता येतेय रे, बाळा. सकाळी कशी येईन?" लीलाबाई मोहिते म्हणाल्या. वय अठ्ठ्याहत्तर, हातात काठी. मतदार कार्ड खणात सापडेना म्हणून त्या आधार कार्ड घेऊन आल्या होत्या.

गोत्रीच्या शाळेतल्या या मतदान केंद्राचे अध्यक्ष हेरंब शिर्के उठून आले. पाटबंधारे खात्यातले हेडक्लार्क. पाच महिन्यांनी निवृत्त व्हायचे होते, म्हणजे विधानसभेची ही त्यांची शेवटची निवडणूक. आजवर त्यांच्या केंद्रावर बोट ठेवायला जागा सापडली नव्हती, आणि याचे त्यांना मनातून कौतुकही होते.

त्यांनी आधार कार्डावरचा फोटो पाहिला, पत्ता विचारला. बाई खऱ्या होत्या. मग त्यांनी सह्यांची नोंदवही उघडली. लीलाबाईंच्या क्रमांकापुढे सुबक अक्षरात सही होती: अवंती मोहिते.

सकाळच्या गर्दीत नाव एकीचे, सही दुसरीची, आणि केंद्रावरच्या चौघा कर्मचाऱ्यांपैकी एकाच्याही लक्षात आले नव्हते.

लीलाबाईंनी वाकून पाहिले आणि हळूच खुर्चीवर बसल्या.

"आमच्या जाऊबाई. हल्ली विसरतात सगळं. माझं कार्ड घेऊन आल्या वाटतं."

मतदान प्रतिनिधींच्या बाकावरून विक्रमसिंह गुजराती मिसळत म्हणाला, "साहेब, अवंतीबेनचं नाव यादीत अजून कोरंच छे ने? त्या नावावर काकींना करू द्या. बे नाम, बे वोट. पती गयुं, मिटलं."

शेजारी बसलेल्या विरुद्ध पक्षाच्या प्रतिनिधीनेही मान हलवली. सकाळपासून दोघांचे पहिल्यांदाच एकमत झाले होते. अनिशने आशेने साहेबांकडे पाहिले. एक होकार दिला असता तर चूक कुणाला दिसलीही नसती.

"नको," लीलाबाईच म्हणाल्या. "त्यांच्या नावावर मी कशी देऊ? माझं ते माझं."

हेरंबना एकदम हलके वाटले. "बरोबर आहे, काकी. चूक आमची आहे आणि ती मी लिहून देणार. तुम्हाला मत देता येईल, पण मशीनवर नाही, कागदावर. त्याला प्रदत्त मत म्हणतात." पुढचे सांगणे अवघड होते. "ते पाकिटात बंद राहतं. कोर्टाने मागितलं तरच उघडतात. एरवी मोजत नाहीत."

"म्हणजे फुकटच?"

"खोटं कशाला सांगू? बहुतेक तसंच."

लीलाबाईंनी थोडा विचार केला. "आण बाबा कागद. घरून निघालेय ती मत द्यायलाच."

त्यांनी सही केली, डाव्या तर्जनीला शाई लावून घेतली आणि मतपत्रिका व शिक्का घेऊन आडोशामागे गेल्या. चांगला वेळ लावला. मागे रांग होती, पण कुणी कुरकुरले नाही. घडी घातलेली मतपत्रिका त्यांनी हेरंबच्या हातात दिली. हेरंबनी ती पाकिटात घालून पाकीट लीलाबाईंसमोरच बंद केले.

"साहेब, एक सांगू? यातलं जाऊबाईंच्या कानावर जायला नको."

"तक्रार होणार नाही त्यांची. मी कारण नीट लिहितो."

"तसं नाही हो. वर्षभरात त्या कधी एकट्या बाहेर पडल्या नव्हत्या. आज शाळा शोधून आल्या आणि घरीही नीट पोचल्या. सकाळपासून जो येईल त्याला शाईचं बोट दाखवतायत. मला वाटलं, नातसुनेनं नेलं असेल." त्या हसल्या. "म्हटलं, एवढं खूश व्हायला झालंय काय?"

अनिश दारापर्यंत सोडायला निघाला, तर त्यांनी हातानेच त्याला थांबवले. पायरीवर उभ्या राहून त्यांनी शाईवर दोनदा फुंकर मारली, पदराला डाग लागू नये म्हणून ते बोट वेगळे धरले आणि काठी टेकत उन्हात उतरल्या.