टोचलं की सांग

माझा नवरा काय करतो असं कुणी विचारलं की मी सांगते, सरकारी ड्रायव्हर आहे. खोटं नाही ते. अंधारात, दिवे बंद करून, झाडांच्या शेंड्यांना चाटत हेलिकॉप्टर न्यायचं, मागे बसलेल्या जवानांना नको तिथे सोडायचं आणि परत आणायचं. कुठे, कशासाठी, ते मलाही कळत नाही. बुटांतली वाळू झटकताना मी आपली अंदाज बांधते. पदकं मिळालीत, ती मोज्यांच्या खणात पडून आहेत.

अंधारात दिसावं म्हणून हेल्मेटला जड दुर्बीण लावतात, आणि तिचा तोल सांभाळायला मागे वजन. इतकी वर्षं ते सगळं मानेवर वागवून मणका झिजला आणि उजव्या हाताची बोटं बधिर होत गेली. नेमकी तीच बोटं, ज्यांनी तो हेलिकॉप्टरचा दांडा धरतो. त्याने कुणालाच सांगितलेलं नाही. मला कळलं, कारण तापल्या पातेल्याला हात टेकवून हा बाबा निवांत बोलत उभा.

वार्षिक तपासणीत डॉक्टर डोळे मिटायला लावतात आणि बोटांना सुई लावतात, कधी टोकाने, कधी मागच्या बोथट बाजूने. ओळखता आलं नाही की उड्डाण बंद, कायमचं. म्हणून आदल्या संध्याकाळी स्वयंपाकघरात आमची तालीम.

"टोचलं की सांग," मी म्हटलं.

"टोचलं."

"आता?"

"बोथट. मागची बाजू लावलीस."

एकदाही चुकला नाही. मला बरं वाटायला हवं होतं. पण सुई उलटवताना माझं मनगट वळलं की बांगडी वाजते, हे माझ्या लक्षात आलं. मी बांगडी वर सरकवली, सुई हवेतच धरली आणि विचारलं, "आता?"

"टोचलं."

मी बांगडी खाली सोडली. त्याने डोळे उघडले.

"डॉक्टर असला चावटपणा करत नाहीत, त्यांचा क्रम ठरलेला असतो," तो म्हणाला.

"मागे बसणाऱ्यांना माहीत आहे का हे?"

तो नळाखाली हात धरून उभा राहिला. पाणी गार आहे की कोमट, तेही त्याला कळत नसणार.

"मला दुसरं काय येतं गं?"

मी सुई डबीत ठेवून दिली.

दुसऱ्या दिवशी तो पास झाला. संध्याकाळी त्याचा सहवैमानिक केक घेऊन आला. त्याला सगळे बारक्या म्हणतात, आहे ताडमाड. नवरा आत फोनवर बोलत होता, तेवढ्यात मी धीर केला.

"भावजी, त्याच्या बोटांना काही कळत नाही हो."

"माहितीये, वहिनी." त्याने सुरी पुसली. "उतरताना माझाही हात दांड्यावर असतो."

"मग वर सांगत का नाही?"

"सर गेले तर शेजारी कोण येणार? त्यांच्याइतकं अंधारातलं कुणाला दिसत नाही. नजर त्यांची, हात माझा. चालतंय."

"आणि एखाद्या दिवशी नाही चाललं तर?"

तो केक कापत राहिला. तुकडे अगदी सारखे.

नवरा बॅग घेऊनच बाहेर आला. दोघांनाही बोलावणं आलं होतं. जाकिटाची चेन त्याला लागेना. बारक्याने पुढे होऊन ती गळ्यापर्यंत ओढली आणि म्हणाला, "सर, म्हातारे झालात."

नवरा हसला. मीही हसले. आणि नवऱ्याच्या हातात बॅग, बारक्याच्या हातात त्याचं हेल्मेट, म्हणून दार मीच उघडून धरलं.