उपडी परात

भावनाने लॉकर उघडला तेव्हा फोनवर अकरा मिस्ड कॉल होते, आणि अकराही पंजाबरावांचे. पंजाबराव म्हणजे बाबांच्या अमरावतीतल्या नव्या फ्लॅटच्या खालच्या मजल्यावरचे शेजारी. शेतकी खात्यातून निवृत्त झालेला, एरवी दिवाळीच्या शुभेच्छाही बायकोच्या फोनवरून पाठवणारा भिडस्त माणूस. असा माणूस अकरा वेळा आयर्लंडला फोन करतो म्हणजे काय झालं असेल, हे कळायला फार अक्कल लागत नाही.

ती कॉर्क शहरात औषधाच्या कंपनीत कामाला होती. प्रयोगशाळेत फोन नेता येत नसे. तिथे आता सकाळचे पावणेअकरा, म्हणजे अमरावतीत सव्वातीन. पहिला मिस्ड कॉल तिथल्या दीड वाजताचा होता. पावणेदोन तास! तिने आधी बाबांना फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. तेच. मग पंजाबरावांना लावला.

"जय भीम काका, काय झालं? बाबा कसे आहेत?"

"अवं पोरी, किती फोन लावले तुले! आमच्या हॉलमदी छतातून पाणी पडून राह्यलं. पंख्याच्या दांडीवरून धार लागली. मी वरतं येऊन दार ठोकून राह्यलो, तं मोतीरामभाऊ दारच नाही उघडून राह्यले."

"बाहेर गेले असतील."

"आताच आतमंदी फोन वाजला न त्यायचा. तूच लावला का? अन् चप्पल तं इथी दाराशीच आहे."

भावना लॉकरच्या बाकावर बसली.

हा फ्लॅट घ्यायचा हट्ट तिचाच. मोतीराम एसटीत चालक होते. अख्खी नोकरी अकोल्यात गेली, तिथेच दोन खोल्यांचं घर बांधलं. त्या घराला सगळं होतं, पाणी तेवढं नव्हतं. नळ पाचव्या दिवशी, आणि तोही त्याच्या मर्जीने. कधी पहाटे चारला, कधी भर दुपारी. गेल्या वर्षी आई, सुंदराबाई, गेली. त्यानंतर चार महिन्यांनी बाबांच्या हृदयात एक स्टेंट बसवावा लागला, आणि डॉक्टरांनी जड उचलायचं नाही म्हणून बजावलं. एकोणसत्तर वर्षांचा माणूस एकटा बादल्या आणि हंडे-गुंड वाहतो आहे, हे चित्र भावनाच्या डोळ्यांसमोरून हलेना. मग तिने अमरावतीच्या राजापेठेतल्या नव्या बिल्डिंगचं माहितीपत्रक मागवलं. त्यातली लिफ्ट, बाग, पार्किंग तिने वाचलंच नाही. ‘चोवीस तास पाणी’ एवढी एक ओळ वाचली आणि कर्ज काढलं.

बाबा तीन महिन्यांपूर्वी राहायला आले, आणि चोवीस तास पाण्याने आपले गुण दाखवायला सुरुवात केली. पहिल्या आठवड्यात बेसिनखालचा पाइप निखळला. दुसऱ्या आठवड्यात फ्लश वाहत राहिला. भावना कॉर्कमधून बिल्डरच्या माणसाला फोन करी, तो "करतो ना मॅडम" म्हणे आणि करत नसे. बाबांना ती गळतीचा फोटो पाठवायला सांगे. त्यात निम्मा त्यांचा अंगठाच असे. शेवटचं दुखणं बाथरूममधल्या मोरीच्या जाळीचं. तिथून वास येई, झुरळं येत. त्याबद्दल दोन आठवडे तक्रार चालली, आणि मागच्या रविवारी बाबा म्हणाले, "आता नाही येत वास. मी केला बंदोबस्त." काय बंदोबस्त केला, हे तिने विचारलं नाही. एक कटकट मिटली म्हणून तिला हायसं वाटलं होतं. आता त्या हायसं वाटण्याची तिला लाज वाटली.

"काका, वरच्या टाकीचा कॉक बंद करा ना."

"नितेश प्लंबरले बलावलं न बाई, तो गच्चीवर गेला. तिथी बारा कॉक हायेत, कोनता कोनाचा लिवलंच नाही. त्याले म्हटलं, समदेच बंद कर."

"फोन दाराला लावा, काका. मला आवाज ऐकू द्या."

पंजाबरावांनी फोन दाराला लावला. आधी नुसती खरखर आली. मग तिच्या कानावर तो आवाज आला. टण्ण, टण्ण नाही; धारेखाली अखंड वाजणारा, घर डोक्यावर घेणारा पत्र्यासारखा थडथडाट. भावनाने तो अठरा वर्षं ऐकला होता. उपड्या घातलेल्या जर्मनच्या, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या, परातीवर नळाचं पाणी पडल्याचा तो आवाज.

अकोल्याच्या घरातली ती पद्धतच होती. नळ कधी येईल याचा नेम नाही, म्हणून कोरडा नळ सोडून ठेवायचा आणि खाली परात उपडी घालायची. पाणी आलं की परात वाजे आणि घर जागं होई. बाबांची ड्युटी पहाटेची. ते बूट चढवून निघायच्या आधी नळ सोडत, परात घालत आणि दार ओढून घेत. पुढचं काम आईचं. परात वाजली की आई झोपेतून अशी उठे की पदर सावरायचं भानही नसे. आणि ड्युटी नसलेल्या दिवशी बाबा तिच्याही आधी उठत. परात वाजते आहे आणि बाबा घरात असून उठले नाहीत, असं आजवर एकदाही झालं नव्हतं.

तेवढ्यात आवाज थांबला. नितेशने कॉक बंद केले असावेत. त्यानंतरची शांतता त्या थडथडाटापेक्षा वाईट होती. पंजाबरावांनी दारावर थापा मारल्या, "ओ मोतीरामभाऊ!" म्हणून तीनदा हाका मारल्या. आतून काही नाही.

"काका, दार तोडा."

"बाई, नवं दार हाय. चावीवाल्याले बलावू का? अर्ध्या घंट्यात येते."

"अर्धा तास नाही, काका. त्यांना स्टेंट आहे. तोडा दार. मी सांगते आहे ना, तोडा!"

तिचा आवाज इतका चढला की पलीकडे उभ्या असलेल्या दोन आयरिश मुली गप्प झाल्या. पंजाबरावांच्या बायकोने, आशाबाईंनी, फोन हातात घेतला आणि व्हिडिओ लावला. नितेश पान्याने आणि हातोडीने कुलपाशी झुंजत होता. भावनाला फक्त त्याची पाठ आणि जिन्याची भिंत दिसत होती. विमानाचं तिकीट, दुबईला थांबण्याची वेळ, नागपूरहून गाडी, हे सगळं तिच्या डोक्यात आपोआप जुळत होतं आणि तसं जुळतंय म्हणून तिला स्वतःचा राग येत होता. आईच्या वेळी ती दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पोचली होती. तोवर सगळं आटोपलं होतं.

दार उघडलं. दोन बोटं साचलेलं पाणी जिन्यावर आलं. हॉलमध्ये प्लॅस्टिकची खुर्ची पाण्यात उभी होती, टेबलावर फोन चार्जिंगला लावलेला. पलंगावरची चादर नीट, घडी मारल्यासारखी. कोणी नाही. बाथरूमचं दार लोटलेलं होतं.

"काका, तिथे बघा," एवढं बोलून तिने डोळे मिटले.

दार ढकलल्याचा आवाज आला. पाण्यात पावलं वाजली. मग पंजाबराव बोलले, "बाई, इथी कोनीच नाही."

तिने डोळे उघडले. नळ पूर्ण सोडलेला, त्याखाली उपडी परात. आणि मोरीच्या जाळीवर रेती भरलेली प्लॅस्टिकची पिशवी, गाठ मारून, घट्ट दाबून बसवलेली. हाच तो बंदोबस्त. पाण्याला जायला वाटच ठेवली नव्हती.

"सकाळी टाकी धुवून राह्यले होते," आशाबाई म्हणाल्या. "आठपासून नळ कोरडे. अकरा वाजता आलं पाणी."

भावनाचं डोकं एकदम चालू लागलं. कोरडा नळ सोडला, परात घातली, दार ओढलं. म्हणजे बाबा ड्युटीला निघाल्यासारखे निघाले. चप्पल दाराशी होती, कारण प्रवासाला ते अजून एसटीचे काळे बूट घालतात. आणि जायला त्यांना जगात एकच ठिकाण होतं. तिने अकोल्याच्या जुन्या शेजारणीला, पार्वताबाईंना, फोन लावला.

"मोतीराम? हाय न इथी," पार्वताबाई आरामात म्हणाल्या. "आज नळ हाय आमचा. माही टाकी भरून राह्यला. थो दर नळाले येते, तुले नाही सांगत का?"

दर नळाला. म्हणजे तीन महिने, दर पाचव्या दिवशी, अमरावती ते अकोला एसटीने दोन तास जायचे आणि दोन तास यायचे. चोवीस तास पाणी सोडून हा माणूस पाणी भरायला जात होता.

"कोन, भावना?" बाबा फोनवर आले. त्यांना धाप लागली होती. "जय भीम बेटा. इकडं कसा फोन केला?"

मग ती जी सुटली ती थांबेना. फोन घरी का विसरलात, सांगून का गेला नाहीत, उचलू नका म्हटलं तर उचलता का, इथे मी मेले होते, तुमचं दार तोडलं, काकांचं छत गळतंय. बाबांनी सगळं ऐकून घेतलं. "चूक झाली," एवढंच म्हणाले. "म्हातारीले उचलनं होत नाही वं. अन् तिकडं दिवसभर मी कोनाशी बोलू?"

भावना रडत होती आणि त्याच भरात तिने विचारलं, "ते जाऊ द्या बाबा. पन घरात कोनीच नव्हतं. मंग परात कावून घातली?"

पलीकडे टाकीत पाणी पडत होतं.

"घातली खरी," बाबा म्हणाले. "नळ सोडला, परात घातली, दार वढलं. मनात काहीच आलं नाही. वाजली की उठन तुही माय..."

भावनाजवळ रागवायला काही उरलं नाही. आई जाऊन वर्ष झालं, हे दोघांनाही तोंडपाठ होतं.

"वाजली होती, बाबा," ती म्हणाली. "मले आयकू आली."

"इतक्या लांब?"

"हो."

बाबांनी नाक ओढलं. मागून पार्वताबाई काहीतरी ओरडल्या. भावनाने डोळे पुसले.

"जा, आधी भरून घ्या," ती म्हणाली. "नळ जाईन."