वीतभर नळी

"दादा, इंजिन गरम हाय. घटकाभर थांबा, मग खोला."

सहादेव हे दोनदा म्हणाला. पण मालकांच्या मुलाच्या, गोरक्षदादाच्या, एका हातात पाना होता आणि दुसऱ्या हातात पुण्याहून आणलेलं इंग्रजी पुस्तक. पुस्तकात चित्रं होती आणि दादाच्या म्हणण्याप्रमाणे एक उपदेशही होता: शौकीन माणसानं आपल्या गाडीचे प्लग आपणच बदलावेत.

"तू नुसता बघ, सहादेव. किती वर्षं करतोयस हे काम? पुस्तकात अर्ध्या तासाचं लिहिलंय."

किती वर्षं? एकाहत्तरच्या त्या उन्हाळ्यात नऊ पुरी झाली होती. लाल, दोन माणसांची, बिनछपराची ती विलायती गाडी मालकांनी, श्रीमंतरावांनी, नगरच्या छावणीतल्या एका साहेबाकडून घेतली, आणि तिथला पन्नाशीचा फिटर सहादेव यालाही गाडीबरोबर राहात्याला उचलून आणलं. तेव्हापासून दुसऱ्या कुणाचा हात तिला लागला नव्हता. बाजारात कुणाची मोटारसायकल अडली, पेरूच्या बागेतलं इंजिन रुसलं, की लोक म्हणायचे, "सहादेवला बोलवा. त्याच्या हातनं काम बिघडत न्हाई." त्याला शेत नव्हतं, मूलबाळ नव्हतं, राहायची खोली मालकाच्या आवारातली. एवढं एक वाक्य काय ते त्याच्या मालकीचं होतं, आणि तेवढ्यावर गडी खूश होता.

प्लग बसवायची त्याची रीत ठरलेली. खिशात रबरी नळीचा वीतभर तुकडा असायचा. नळीत प्लगचं डोकं खोचायचं आणि नळी बोटांनी फिरवायची. प्लग सरळ असला की आट्यांत आपसूक उतरतो. तिरका असला की नळी घसरते, प्लग पुढं जातच नाही. गाडीचं हेड, म्हणजे प्लग बसतात तो इंजिनाचा माथा, ॲल्युमिनियमचं, मऊ; तापलेलं असलं की आटे लगेच जातात. म्हणून पाना अगदी शेवटाला, तोही हलक्या हातानं.

"निदान ही नळी तरी घ्या, दादा."

"हे काय, गाडीला सलाइन लावायचंय का?" दादा खो खो हसला. ओसरीवर सुपारी कातरत बसलेले श्रीमंतरावही हसले. "करू दे रं त्याला, सहादेव. इंजिनेर हाय त्यो."

तीन प्लग कसेबसे बसले. चौथा कुरकुरला. सहादेवच्या कानाला ते तिथंच कळलं.

"तिरका चाललाय, दादा! मागं घ्या, मागं घ्या!"

दादानं मागं घेतला नाही. उलट पान्यावर सगळा भार दिला. "बसला की!" म्हणत त्यानं घाम पुसला आणि हात धुवायला निघून गेला.

दुपारी कोपरगावचे पाहुणे आले, दादाचे होणारे सासरे. सोयरीक जवळपास ठरल्यातच जमा होती. जेवणं झाल्यावर दादानं त्यांना शेजारी बसवलं आणि गाडी चालू केली. फाटकापर्यंत गेली नाही तोच बंदूक उडावी तसा आवाज झाला. चौथा प्लग आट्यांसकट उखडून बॉनेटला आतून आदळला होता. पाहुणे दचकून उठले, त्यांचा फेटा खाली पडला. आवाजानं अर्धी गल्ली फाटकाशी गोळा झाली.

श्रीमंतराव ओसरीवरून उतरले. सकाळी सगळं त्यांनी आपल्या डोळ्यांनी पाहिलं होतं. तरी ते पोराकडं वळले नाहीत.

"सहादेव!" गल्लीला ऐकू जाईल असे ते गरजले. "प्लग कुणी बसवलं?"

वा रे प्रश्न! उत्तर स्वतःच ठरवून वर सहादेवला विचारत होते. सहादेवनं दादाकडं पाहिलं. दादा आपले बूट न्याहाळत होता. सहादेव म्हणाला, "मीच, मालक. माज्या हातनं झालं."

पाहुण्यांनी फेटा झटकला. "ह्या म्हाताऱ्याला यंत्राला हात लावू देऊ नका. एखाद्याचा जीव घेईल."

"व्हय, व्हय," श्रीमंतराव म्हणाले.

पाहुणे गेल्यावर श्रीमंतराव सहादेवच्या खोलीशी आले. "वाईट वाटून घेऊ नको. पोराच्या लग्नाचा मामला हाय. तुझं काय जातंय?"

ते गेले आणि सहादेवची बायको मनकर्णा उसळलीच. "तुझं काय जातंय म्हनं! आन् तुमी तरी कशापाई मीच म्हनालात?"

"सोयरीक मोडली असती."

"मोडू द्यायची हुती! आपली काय लागत हुती ती?"

सहादेवला राग आला होता, पण दादाचा नव्हे, मालकाचाही नव्हे. 'मीच' म्हणताना आपली जीभ जरासुद्धा अडखळली नाही, याचा त्याला राग आला होता. तो पानात वाढलेली भाकरी तशीच ठेवून उठला.

चार दिवसांनी गहिनीनाथ कापडवाल्याची मोटारसायकल फाटकासमोरच बंद पडली. नऊ वर्षं तिचे प्लग सहादेवच बदलत आला होता. तो सवयीनं हात पुसत बाहेर गेला. गहिनीनाथनं पेटीतून पाना काढला होता. पाना कोराच होता, नुकताच विकत आणलेला.

सहादेवनं नव्या प्लगसाठी हात पुढं केला.

"राहू द्या, भाऊ," गहिनीनाथ खाली बघत म्हणाला. "मीच बसवतो. तुमास्नी आता दिसत नसंल नीट."

सहादेवनं तो हात खिशात घातला आणि नळी काढली.

"आदी इंजिन निवू द्या. मग हिच्यानं फिरवा. घसरली तर थांबा, जोर लावू नका."

गहिनीनाथनं ऐकलं. इंजिन निवेपर्यंत दोघं लिंबाखाली बसून राहिले. मग गहिनीनाथनं नळीनं प्लग फिरवला, आणि तो सरळ खाली उतरला. पहिल्याच किकला गाडी चालू झाली.

"झ्याक! ह्यात काय अवघड हाय?" असं म्हणून त्यानं नळी आपल्या खिशात टाकली आणि तो निघून गेला.

सहादेवनं ती परत मागितली नाही. आता ती त्याला लागणारही नव्हती.