फ्रान्सची दारू, ओढ्याचे झिंगे

मुलाकडची दारू मुलीच्या दारी यायची, तिच्या बापाने आणि पंचांनी ती प्यायची आणि बाटली रिकामी झाली की लग्न पक्कं. उरली तर सोयरीक मोडली. शेणव्याजवळच्या त्या वाडीत हाच कायदा, आणि तो संगीताइतकाच भरतलाही पाठ होता.

तरी या शहाण्याने मोहाची सोडून फ्रान्सची पांढरी वाइन आणली! मुंबईच्या हॉटेलात तो वाढप्या होता. दिवाळीला मालकाने बक्षीस दिलेली बाटली त्याने संगीतासाठी जपून ठेवली होती. सकाळपासून ती विहिरीत सोडून गारही केली होती.

"दोन जातींची द्राक्षं एकत्र केलेली हाय, मामा. एक आंबट, एक मऊ. गोड अजिबात नाय."

संगीताच्या बापाने, धाऊने, पूर्वजांच्या नावाने चार थेंब जमिनीवर सांडले. कोंबड्याच्या तिखटजाळ रश्शाचा भुरका मारला, वर वाइनचा घोट घेतला आणि त्याचं तोंड वाकडं झालं.

"आरं, ही दारू का चिंचेचं पानी?"

"खोकल्याचं औषध आसंल," पंचातला कमळू म्हणाला. सगळे हसले. धाऊने पेला बाजूला सारला.

कुडाआड संगीता सगळं ऐकत होती. बाजाराच्या दिवशी भरतनेच तिला सांगितलं होतं, "साहेब लोक हिच्यासंगं मासे, झिंगे खातात, वर लिंबू. तिखट खाल्लं का हिची चव मरते." मग आता का गप्प बसलाय मेला? पण बसणारच. सासुरवाडीच्या दारात पहिल्याच दिवशी कोण म्हणेल, तुमचा कोंबडा उचला?

सकाळी ओढ्यात धरलेले झिंगे टोपलीत होते. तिने ते निखाऱ्यावर भाजले, मीठ लावलं, लिंबू पिळलं.

"गो, आज पंचांसमोर जायचं नसतं!" आईने, जनाने, पदर धरला.

"सोयरीक मोडली तर ही रीत काय घरात बसून चाटू?"

बाहेर जाऊन तिने बापापुढचा रस्सा सरळ उचलला आणि झिंग्यांचं पान ठेवलं. "पानी पी. झिंगा खा. मग पी."

धाऊने पोरीकडे रोखून पाहिलं. झिंगा खाल्ला, घोट घेतला. पुन्हा झिंगा, पुन्हा घोट.

"कमळ्या, खा रं ह्ये."

याच वाडीला धसईच्या बाजारात दारुडी म्हणून हिणवतात, आणि हिणवणारे तेच लोक चित्र लावलेल्या बाटलीपुढे मान तुकवतात. धाऊने मान तुकवली नाही. चव लागली तेव्हाच प्याला.

झिंगे आधी संपले. बाटलीत बोटभर उरली होती. धाऊने ती पेल्यात ओतली, एका दमात प्याला आणि बाटली जमिनीवर उपडी धरली. काही पडलं नाही.

"झाली सोयरीक," तो म्हणाला. मग भरतच्या पाठीत धपाटा घातला. "पन लग्नाला मोहाची आन, भाड्या. एवढे झिंगे कोन धरील?"

"मी धरीन," भरत म्हणाला. संगीता तोवर आत पळाली होती.