जयाचे चार पॉइंट

कोठारे सरांशी मी चार वर्षं भांडत होते. विद्यापीठाच्या मुलींच्या बास्केटबॉल संघाची निवड त्यांच्या हातात, आणि बाराच्या बारा मुली दरवर्षी शहर विभागाच्या. मी बोरिवलीच्या कॉलेजची कोच, म्हणजे आम्ही उपनगर विभागात. दोन्ही विभाग आपापल्यातच खेळायचे, मग कोण भारी हे ठरणार कसं? पण सरांना ते न खेळवताच कळलेलं होतं.

"माझ्या जयाने एका मॅचमध्ये एकतीस पॉइंट केलेत," मी म्हणायचे.

"कोणाविरुद्ध, वनमालाबाई?"

"घाटकोपरच्या कॉलेजविरुद्ध."

"मग बरोबर," म्हणत ते शांतपणे चष्मा पुसायला लागायचे. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

चौऱ्याऐंशी साली मी पत्रांवर पत्रं पाठवून त्यांना भंडावून सोडलं. अखेर ते विभागाविरुद्ध विभाग असा एक सामना ठेवायला तयार झाले. अकरा नावं शहराची ठरलेली होती. बाराव्या जागेसाठी उपनगरातली एकच मुलगी घेणार होते.

ती जागा जयाची, हे मी मनात पक्कं करून टाकलं. पोर गोराईहून होडीने यायची आणि बोरिवलीच्या आमच्या मातीच्या ग्राउंडवर सगळ्यांच्या आधी हजर असायची. तिचं कॉलेजचं शेवटचं वर्ष होतं. "यंदा खेळून घे, पुढल्या साली माझ्यासंगती बाजारात मासळी विकायला बस," असं तिच्या आईने, कृष्णाबाईने, स्पष्ट सांगितलं होतं.

उपनगरचा संघ मीच निवडला. सुरुवातीच्या पाचही जणी अंधेरी ते बोरिवलीच्या. आमच्याच विभागातल्या घाटकोपरची द्रौपदी फक्त नावाला घेतली आणि बाकावर बसवली. तिकडच्या मुली कच्च्या, हे काय मला कोणी सांगायला हवं होतं?

सामना शहरातल्या सिमेंटच्या कोर्टवर झाला आणि आमची वाट लागली. मातीत बॉल जोरात आपटावा लागतो. तसाच इथे आपटला की थेट हनुवटीपर्यंत उसळायचा. हाफ टाइमला शहर छत्तीस, आम्ही चौदा. कोठारे सरांनी माझ्याकडे बघायचंही टाळलं, आणि त्याचाच मला जास्त राग आला.

जया धापा टाकत माझ्यापाशी आली.

"बाई, द्रौपदीला घ्या."

"तिला? तिच्याच टीमवर तू एकतीस मारलेस ना गं!"

"तिने मला पहिल्या हाफमध्ये चारच पॉइंट करू दिले होते. नंतर तिचे पाच फाउल झाले आणि ती बाहेर गेली. बाकीचे सगळे त्यानंतरचे." ती खाली बघून म्हणाली, "आणि ती शाळेच्या सिमेंटच्या अंगणात खेळून शिकलीय. तिच्या हातातून बॉल सुटत नाही."

मला चपराक बसल्यासारखं झालं. कोठारे सरांचा चष्मा इतकी वर्षं मीही लावूनच बसले होते.

द्रौपदी उतरली. शहराच्या दोन-दोन मुली अंगावर आल्या तरी बॉल तिच्याकडेच राहिला, आणि मोकळ्या उभ्या असलेल्या जयाकडे बरोबर पोचत गेला. जयाने एकटीने अठरा पॉइंट केले. आम्ही हरलो, पण फक्त तीन पॉइंटने. कोर्टाभोवती बसलेले शहरवालेसुद्धा टाळ्या वाजवत होते.

कोठारे सर स्वतः चालत माझ्याकडे आले.

"बाई, तुमचा विभाग कच्चा नाही. माझंच चुकलं." मग निवडीच्या यादीचा कागद पुढे केला. "बास्केट करणाऱ्या मुली माझ्याकडे आहेत. बॉल सांभाळणारी नाही. मी घाटकोपरच्या मुलीला घेतो."

चार वर्षं जे ऐकायला कान आसुसले होते ते ऐकलं, आणि त्याच दमात जयाची जागा गेली. माझ्या तोंडून एवढंच निघालं, "सर, तिला खेळवा असं जयानेच सांगितलं होतं."

त्यांनी कागद पुन्हा एकदा वाचला. नाव मात्र बदललं नाही. बदलायला नको होतं, हे मलाही कळत होतं.

जया नळावर तोंड धूत होती. मी जवळ गेले.

"कळलं मला," ती म्हणाली. "तिला घेणार हे हाफ टाइमलाच वाटलं होतं."

"मग बोललीस कशाला गं?"

उत्तर द्यायच्या आधी तिने ओढणीने तोंड पुसलं, दोनदा पुसलं. डोळे लाल झालेच होते.

"बाई, ती आता विद्यापीठाची प्लेअर झाली ना?"

"झाली."

"मग ती बाहेर गेल्यावरचे माझे सत्तावीस सोडून द्या," जया म्हणाली. "पण ती समोर असताना केलेले चार तरी आता खरे धराल ना?"