नियमात न बसलेली कॉमेंट

मी एक कॉमेंट बोलतेय. प्रोग्रामच्या ओळींमध्ये माणसानं माणसासाठी लिहिलेली टीप. संगणक मला वाचत नाही, ओलांडून पुढे जातो. त्याचं मला काही वाटत नाही. माणसांचंच काही कळत नाही.

लहान मुलांच्या औषधाचा डोस काढणारा हा प्रोग्राम. शेकडो माणसं आपापल्या घरून तो फुकट लिहितात. बालरोग विभागातली एक नर्स फावल्या वेळात प्रोग्रामिंग शिकली होती. हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये बसून तिनं वजन तपासणारी ओळ लिहिली आणि त्या ओळीच्या डोक्यावर मला: "ही ओळ काढू नका हं!! काटा बिघडला की भलतंच वजन येतं. आमच्या वॉर्डात झालंय, बाळ थोडक्यात वाचलं"

पूर्णविराम राहिला. तिला वॉर्डातून हाक आली होती.

चार वर्षं मी सुखात होते. मग प्रकल्प सांभाळणाऱ्या गृहस्थांनी, सगळे त्यांना 'मास्तर' म्हणत, नियम काढला. कॉमेंट एका ओळीची, शेवटी पूर्णविराम, घरगुती गोष्टी नकोत. त्यांचं चुकलं असंही म्हणवत नाही. हजारो कॉमेंट्स, कुणी विनोद करी, कुणी चक्क शिव्या देई. त्यांनी मला छाटलं. उरलं एवढंच: "वजन तपासा."

मी नीटनेटकी झाले खरी. पण कोणाचं वजन, कशासाठी, माझं मलाच सांगता येईना.

महिन्याभरात एका नव्या सहकाऱ्यानं विचारलं, "वजन भरलेलंच असतं, पुन्हा तपासायचं कशाला? ओळ काढू?"

"काढ," मास्तर म्हणाले.

'थांबा' म्हणायला माझ्याकडे शब्दच नव्हते.

ओळ नर्सची, म्हणून बदलाची सूचना तिलाही गेली. तिनं लगेच लिहिलं, "मास्तर, तिथं मी काहीतरी लिहिलं होतं ना?"

"नियमात बसत नव्हतं, ताई."

"वाचलं होतंत का पण?"

मास्तरांनी जुनी प्रत उघडली. मला शेवटपर्यंत वाचलं. मग लिहिलं, "नव्हतं वाचलं. मोजलं फक्त. ओळ राहील. तुम्ही पुन्हा लिहा, हवं तेवढं लिहा."

आता मी तीन ओळींची आहे. नियम तपासणारा प्रोग्राम रोज माझ्यावर लाल खूण करतो, मास्तर रोज ती हातानं पुसतात. मग मी चूक की बरोबर? मला अजून उमगलेलं नाही.

तुम्ही कधी इथं आलात आणि मला कापावंसं वाटलं, तर कापा. फक्त जिनं लिहिलंय, तिला आधी एकदा विचारा.